बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेची कॅशलेस मंजुरी आल्यानंतर सर्जन बदलता येतो का?

गोदाकाठ:

नमस्कार. मी नाशिकला राहते. माझे वय ४३, उंची १५८ सेंटिमीटर असून मला ७ वर्षांपासून मधुमेह आहे. मुंबईच्या एका रुग्णालयाने माझ्या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी कॅशलेसची विनंती पाठवली होती आणि विमा कंपनीच्या दोन क्वेरींना उत्तरे दिल्यावर ती मंजूर झाली. आमची १० लाखांची कुटुंब पॉलिसी सलग सहाव्या वर्षात असल्यामुळे प्रतीक्षा कालावधीचा (पॉलिसी घेतल्यावर काही उपचारांना विमा लागू होईपर्यंतच्या मुदतीचा) प्रश्न आला नाही. अर्जाच्या वेळी माझे वजन १०२.५ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा आकडा) ४१ होता. मंजुरीपत्रावर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करणे) असे नमूद केलेले आहे.

मंजुरीनंतर झालेल्या एंडोस्कोपीत हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकणे) आणि अन्ननलिकेला आम्लाने आलेली सूज निघाली. मला कित्येक वर्षे रात्री उशी उंच करून झोपावे लागते, हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते, परंतु ते केसपेपरवर लिहिले गेलेले दिसत नाही. अहवाल घेऊन गेले तेव्हा सर्जन थिएटरमध्ये होते. त्यांच्या सहायकाने 'स्लीव्हच करू, काळजी करू नका' असे सांगून मला आहारतज्ज्ञांकडे पाठवले. मला ते पटले नाही. मी पुण्यातील दुसऱ्या सर्जनचे मत घेतले. त्यांनी पाऊण तास दिला, अहवाल स्वतः वाचला आणि स्लीव्हऐवजी जठराच्या बायपासचा (लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याचा) सल्ला दिला. ते ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करतात, ते माझ्या विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये आहे.

आता माझ्या अडचणी सांगते. आलेली मंजुरी दुसऱ्या सर्जनकडे नेता येते का? नेता येत नसेल तर पहिली रद्द केल्यावर दुसरी मिळेलच याची खात्री कशी करावी? शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यामुळे यकृत लहान करण्याचा आहार ९ दिवसांपूर्वी सुरू झाला असून माझे वजन आता ९९.२ किलो आहे. शेजारच्या काकू म्हणतात, 'नव्या ठिकाणी जाताना भरपूर पाणी पिऊन आणि जड कपडे घालून काट्यावर उभी राहा.' पहिल्या रुग्णालयात भरलेली अनामत रक्कम आणि तपासण्यांचा खर्च यांचे काय होते, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

जुना डेस्कवाला:

ताई, मी एका रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवर ११ वर्षे काम केले आहे, त्यामुळे कागदाच्या बाजूने उत्तर देतो. वैद्यकीय बाजू जाणकारांनी सांगावी.

प्री-ऑथची (कॅशलेससाठी आधी घ्यायची) मंजुरी ही सर्जनला दिलेली नसते आणि खरे तर रुग्णालाही मोकळ्या हाताने दिलेली नसते. विशिष्ट रुग्णालयाने, विशिष्ट निदानासाठी, विशिष्ट शस्त्रक्रियेचा जो अंदाजे खर्च कळवला, त्या विनंतीला दिलेले ते उत्तर असते. त्याच रुग्णालयातील दुसऱ्या सर्जनकडून तीच शस्त्रक्रिया करायची असती, तर डेस्कने उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा भाग नव्याने भरून सुधारित विनंती पाठवली असती आणि काम बहुधा एका दिवसात झाले असते. तुमच्या बाबतीत सर्जन, रुग्णालय आणि शस्त्रक्रिया या तिन्ही गोष्टी बदलत आहेत. म्हणजे जुनी मंजुरी पुण्याला नेता येणार नाही. नवी विनंती नव्या रुग्णालयाकडूनच जावी लागेल आणि तिचा विचार आजच्या कागदांवर होईल.

'आजच्या कागदांवर' हे शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचे आहेत. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य पॉलिसींतील वगळण्याच्या कलमांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील लठ्ठपणाच्या कलमानुसार शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय निकषांना धरून असावी लागते, रुग्ण १८ वर्षे पूर्ण झालेला असावा लागतो, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. तो ३५ ते ४० च्या दरम्यान असेल, तर लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणे) किंवा नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी एक आजार असावा लागतो, आणि वजन कमी करण्याचे सौम्य उपाय करूनही ते निष्फळ ठरलेले असावे लागतात. तुमची पहिली मंजुरी केवळ ४१ या आकड्यावर आलेली दिसते. १५८ सेंटिमीटर उंचीला ९९.२ किलो म्हणजे बीएमआय ३९.७. तीन किलोंनी तुम्ही एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेला आहात.

यात घाबरण्यासारखे काही नाही, पण नवी विनंती मधुमेहाच्या आधारावर जायला हवी हे नव्या डेस्कला आधीच सांगा. ताजा एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी), मधुमेहतज्ज्ञांचे 'औषधे घेऊनही नियंत्रणात नाही' असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले पत्र, आणि आहारतज्ज्ञांकडील किंवा व्यायामाच्या कार्यक्रमातील मागच्या वर्षभराच्या नोंदी जोडाव्यात. घोरण्याचा त्रास असेल तर झोपेची तपासणीही करून घ्या. अहवाल तीव्र निघाला तर दुसरा आधार मिळेल. जुने १०२.५ किलो वजन लपवायचे नाही. 'शस्त्रक्रियापूर्व आहारामुळे वजन इतके उतरले' हे नव्या सर्जनने पत्रात तारखांसह लिहावे. वजन उतरण्याचे कारण वैद्यकीय असल्याचे त्यातून दिसते आणि काही वैद्यकीय अधिकारी ते विचारात घेतात. काकूंचा सल्ला मात्र प्रेमाचा असला तरी ऐकू नका. दाखल होताना पुन्हा वजन होते, भूलतज्ज्ञही ते लिहितात, आणि दोन नोंदींत विसंगती निघाली तर मंजूर झालेली कॅशलेसही डिस्चार्जच्या दिवशी अडते.

रद्द करण्याचा क्रमही सांभाळा. पहिली विनंती उघडी असताना त्याच रुग्णाची, त्याच आजाराची दुसरी विनंती आली की टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) संगणकावर ती लगेच दिसते आणि दुसरी थांबते. म्हणून नव्या रुग्णालयाने सगळी कागदपत्रे तयार ठेवावीत, आणि ती तयार झाल्यावरच पहिल्या रुग्णालयाकडून रद्द करण्याचा ईमेल टीपीएला पाठवून घ्यावा. त्यात क्लेम क्रमांक असावा आणि त्याची प्रत तुम्हाला मिळावी. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा लागतो, पण नियोजित शस्त्रक्रियेत क्वेरी आली की दिवस जातात हे गृहीत धरा. पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ असेल तर हप्ता आधीच भरून टाका.

तालुक्याचा डॉक्टर:

मी जनरल सर्जन आहे, बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया करत नाही आणि आपले अहवाल पाहिलेले नाहीत, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि उरलेली अरुंद नळी आतून जास्त दाबाखाली राहते; त्यामुळे आधीच आम्लपित्त वर येत असलेल्या रुग्णांत तो त्रास वाढू शकतो. बायपासमध्ये जठराची अगदी लहान पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे आम्ल वर येण्यास फारसा वाव राहत नाही, आणि मधुमेहावरही तिचा परिणाम चांगला असतो. दुसऱ्या सर्जनचा सल्ला म्हणून समजण्यासारखा आहे. तरीही पहिल्या सर्जनची बाजू न ऐकताच त्यांना चुकीचे ठरवू नये. हर्नियाची दुरुस्ती करून त्याच वेळी स्लीव्ह करण्याची पद्धत प्रचलित आहे. बायपासलाही स्वतःची किंमत आहे: बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते, वेदनाशामक गोळ्यांमुळे जोडाजवळ व्रण होण्याचा धोका असतो, आणि बाजूला ठेवलेल्या जठरात नंतर साधी एंडोस्कोपी पोहोचत नाही. सर्जनची स्वतंत्र वेळ घेऊन 'एंडोस्कोपीनंतरही आपण स्लीव्ह का सुचवता' एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर पटले तर पुढची सगळी धावपळ वाचेल. पटले नाही किंवा भेटच मिळाली नाही, तर निर्णय आपोआप सोपा होईल.

दुसरे मत घेणे आणि आपल्या नोंदींच्या प्रती मिळवणे हे दोन्ही रुग्णाचे हक्क आहेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. एंडोस्कोपीचा नुसता अहवाल नको, चित्रफीत किंवा छायाचित्रेही मागावीत, कारण सर्जन ती स्वतः पाहू इच्छितात.

विम्याहून तातडीची एक गोष्ट आहे. तारीख पुढे जात असेल तर तो द्रव आहार तसाच चालू ठेवू नये. त्या आहाराबरोबर आपल्या मधुमेहाच्या गोळ्यांचे प्रमाण बदललेले असणार, आणि ग्लिफ्लोझिन गटातील गोळी चालू असेल तर इतक्या कमी खाण्यावर ती घातक ठरू शकते. उद्याच मधुमेहतज्ज्ञांना फोन करून आहार आणि औषधे दोन्ही नव्याने ठरवून घ्यावीत.

करवीरवासी:

मी दोन वर्षांपूर्वी सर्जन बदलला होता, म्हणून पैशांचे तेवढे सांगतो, कारण माझे नुकसान तिथेच झाले.

पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीचा खर्च मिळण्याची मुदत असते, कोणाची ३० दिवस, कोणाची ६० दिवस, आणि ती दाखल होण्याच्या तारखेपासून मागे मोजतात. पहिल्या रुग्णालयासाठी केलेल्या माझ्या तपासण्या त्याच आजाराच्या असल्यामुळे नव्या क्लेममध्ये चालल्या असत्या, परंतु सर्जन बदलण्यात माझे सात आठवडे गेले आणि ३० दिवसांच्या मुदतीबाहेर पडलेली सगळी बिले परत आली. आपली मुदत पाहून नवी तारीख ठरवा आणि मूळ बिले, पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. अनामत रक्कम मला परत मिळाली, पण 'प्रशासकीय शुल्क' या नावाखाली काही हजार कापले गेले. हे शुल्क कोणत्या अटीनुसार आहे, असे लेखी विचारल्यावर त्यातील निम्मे परत आले, म्हणून तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका.

खोलीच्या भाड्याची मर्यादा नव्या रुग्णालयाच्या दराशी ताडून पाहा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर केवळ भाड्याचा फरक पडत नाही. सर्जनची फी आणि थिएटरचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाते. शिवाय नवे सर्जन त्या रुग्णालयाच्या मान्य दरात शस्त्रक्रिया करतात, की वरचा फरक रुग्णाकडून वेगळा घेतात, हे आधीच लेखी घ्या. माझ्याकडे दाखल झाल्यानंतर 'स्टेपलरचा' (जठर कापून शिवण्याच्या उपकरणाचा) 'फरक' मागितला गेला, आणि पोटात अन्नपाणी नसलेला, गाऊन घातलेला माणूस किती घासाघीस करणार?

गोदाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवते.

मधुमेहतज्ज्ञांना दुसऱ्याच दिवशी फोन केला. माझी एक गोळी खरोखरच त्या गटातील निघाली. ती थांबवून त्यांनी मला साध्या जेवणावर परत आणले आणि असे पत्रही दिले की, तीन औषधे घेऊनही माझा एचबीएवनसी ९.१ आहे. मुंबईच्या सर्जनांची भेट चार दिवसांनी मिळाली. त्यांनी अहवाल शांतपणे पाहिला आणि हर्निया दुरुस्त करून स्लीव्ह करता येईल, परंतु रात्रीचा त्रास इतका जुना असल्याचे आपल्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, असे मान्य केले. 'तुमच्या जागी माझी बहीण असती तर मीही बायपासचा विचार केला असता,' असेही ते म्हणाले. त्यामुळे कटुता न येता बाहेर पडता आले, आणि रद्द करण्याचा ईमेल त्यांच्या डेस्कने माझ्यासमोरच पाठवला.

पुण्याच्या रुग्णालयाची विनंती मधुमेहाच्या आधारावर गेली. क्वेरी आलीच: पूर्वीच्या प्रयत्नांचा पुरावा मागितला होता. आहारतज्ज्ञांकडील १४ महिन्यांच्या नोंदी आणि व्यायामशाळेच्या पावत्या दिल्यावर तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. बायपासचा अंदाजे खर्च जास्त असल्यामुळे मंजूर रक्कमही पहिल्यापेक्षा अधिक आहे. ६० दिवसांच्या मुदतीत एक सोडून सगळी बिले बसतात; एंडोस्कोपीचे बिल अगदी ५८व्या दिवसाचे आहे, त्यामुळे तारीख दोन दिवसांहून जास्त पुढे सरकू नये, असे मी नव्या डेस्कला सांगून ठेवले आहे. अनामत रकमेसाठी लेखी अर्ज दिला असून त्याची पोच माझ्याकडे आहे. काकूंना वजन ९९.२ असेच लिहून दिल्याचे अजून सांगितलेले नाही.