मानेतली नस ७० टक्के बंद, त्यामुळेच विसरायला होतं का?

पूर्वभाग, सोलापूर:
सासरे, वय ७१, यंत्रमाग कामगार होते. शिक्षण चौथी. शुगर, बीपी, तंबाखू. वर्षभरात हिशेब चुकतो, एकच गोष्ट तीनदा विचारतात. कॅरोटिड डॉपलरमध्ये (मानेतल्या नसांची सोनोग्राफी) डाव्या इंटर्नल कॅरोटिडमध्ये (मेंदूकडे जाणारी नस) रक्ताचा वेग २६० सेंमी/सेकंद, '७० टक्क्यांवर अडथळा'. उजवी बरी आहे. लकवा कधी झालेला नाही. मोका या स्मरण-विचारांच्या चाचणीत ३० पैकी १९. स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला तर स्मरणशक्ती परत येईल का?

नाडीपरीक्षा:
वेग २३० च्या वर गेला की ७० टक्के धरतात, पण एकट्या आकड्यावर जाऊ नका. कॉमन कॅरोटिडच्या (तिच्या खालची मूळ नस) तुलनेत तो ४ पटींहून जास्त आहे का, ते रिपोर्टात बघा. नस वळणदार असली तरी वेग फुगून दिसतो, आणि नसेत साचलेल्या चुन्याच्या थराची सावली पडली तर आतलं नीट दिसतच नाही. स्टेंटचा विचार असेल तर आधी सीटी अँजिओ (डाय देऊन नसांचा स्कॅन) करा. शुगर असल्याने डाय देण्यापूर्वी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) हवंच.

मेंदूविकार:
संबंध आहे. एक तर रक्त कमी पोचतं. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं कडं असतं, ते पूर्ण असेल तर उजवी बाजू डावीला सांभाळून घेते. पुष्कळांत ते अपुरं असतं. दुसरं, नसेतल्या थरातले बारीक कण सुटून मेंदूत अडकतात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. एमआरआयवर मात्र जुने डाग दिसतात. क्रेस्ट-२ या मानेतल्या नसेवरच्या अभ्यासात लकवा न झालेल्या, पण नस अरुंद असलेल्या लोकांचे अशा चाचण्यांतले गुण सुरुवातीलाच कमी होते, स्मरणात सर्वाधिक.

पण शुगर, बीपी आणि तंबाखू मेंदूतल्या बारीक नसाही खराब करतात. मानेतली नस उघडून त्या सुधारत नाहीत. याच अभ्यासाच्या २०२५ च्या निकालात नुसत्या औषधांच्या तुलनेत स्टेंटमुळे चार वर्षांतलं लकव्याचं प्रमाण सुमारे ६ वरून २.८ टक्क्यांवर आलं. हा फायदा लकवा टाळण्याचा. केवळ विसरण्यासाठी स्टेंट घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातरस्ता:
ताई, घरी तेलुगू बोलता का? चाचणी कोणत्या भाषेत झाली?

पूर्वभाग, सोलापूर:
घरी तेलुगूच. चाचणी मराठीत घेतली.

सातरस्ता:
मग १९ वर विसंबू नका, तेलुगूत पुन्हा घ्या. चौथी शिकलेला माणूस घनाकृती काढतानाच अडतो. कमी शिक्षणासाठी मिळणारा एक गुण त्याला पुरत नाही. कमी शिकलेल्यांसाठी याच चाचणीचा वेगळा नमुना आहे, तो मागा. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू असेल तर बी-१२ तपासा, ते कमी झालं तरी विसरायला होतं. थायरॉइड आणि कानही बघून घ्या.

बीपी पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने पडला तर डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. त्यात लघवीची गोळी चालू आणि पाणी कमी, म्हणजे अरुंद नसेतून रक्त आणखी कमी जातं. गोळी मनाने बंद करू नका, डोस विचारून घ्या. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं तरी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सोडायचं नाही, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली हवं. मिश्रीसुद्धा तंबाखूच.

मेंदूविकार:
एक राहिलं. उजवा हात लुळा पडला, शब्द सुचेना किंवा डाव्या डोळ्यावर पडदा आला आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तेव्हा हिशेबच बदलतो. नस उघडायची तर शक्यतो दोन आठवड्यांच्या आत. लक्षणं टिकून असतील तर गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासच मिळतात, म्हणून सुरुवातीची वेळ लिहून ठेवा.