मदत हवी आहे: चामड्याचा मुखवटा ढेपाळतोय, रंगही सुटतोय

विंगेतून
मंडळी, तातडीचं आहे. एकांकिकेसाठी कॉमेडिया देल आर्तेचे, म्हणजे जुन्या इटालियन मुखवटा-नाट्याचे, अर्धे मुखवटे (तोंड उघडं राहणारे) करतेय: अर्लेकिनो हा नोकर आणि पांतालोने हा म्हातारा व्यापारी. चामडं भिजवून साच्यावर बसवलं, सुकवलं, अ‍ॅक्रिलिकने रंगवलं. पहिल्याच तालमीत पांतालोनेचं नाक लोंबायला लागलं आणि कपाळावरचा रंग पापुद्र्यासारखा निघाला. कडेला काळे डाग पडलेत, ते पुसून जात नाहीत. रंगीत तालीम रविवारी आहे. वरून कोणतं वॉर्निश मारू म्हणजे सगळं जागच्या जागी राहील? 'पेपर माशे का नाही केलंस' हे कृपया कोणी विचारू नका.

बोलघेवडा
पेपर माशे का नाही केलंस? जव्हारकडे बोहाड्याला, सोंगांच्या त्या उत्सवात, कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून रात्रभर नाचतात. कोणाचं नाक लोंबत नाही.

रापी-आरी
चामडं कुठलं? जाडी किती? साचा कशाचा?

विंगेतून
चामडं म्हणजे चामडं हो काका, तपकिरी रंगाचं. धारावीतून आणलं. साचा प्लास्टरचा, नटाच्या चेहऱ्याचा ठसा घेऊन वर नाक वाढवलंय. वॉर्निशचं सांगा ना.

रापी-आरी
वॉर्निशचं नंतर. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं असतं. पर्सला, जॅकेटला छान. पण ओलं करून कितीही दाबा, सुकलं की पुन्हा लुळं. मुखवट्याला सालीवर कमावलेलंच लागतं, आपल्या कोल्हापुरी चपलेला बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं वापरतात तसं. कापलेली कड बघ. मधोमध निळसर-करडी पट्टी दिसली तर क्रोम. तसं असेल तर ते बाजूला ठेव आणि नवीन आण.

मु.पो. सावंतवाडी
चामड्याचं काम म्हणजे आमच्या पिंगुळीला या! तिथले बाहुलीकार परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली आहे.

रापी-आरी
अहो, त्या छायाबाहुल्या. पातळ कातडं, मागून उजेड आरपार दिसावा म्हणून. तिला नाक उभं करायचंय.

प्रयोगवही
क्रोम नाहीये. काका, डागांकडे तुम्ही लक्षच दिलं नाहीत. सालीतलं टॅनिन (तो तुरट अंश) आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळं पडतं. निव्वळ क्रोमच्या चामड्यावर असे डाग पडत नाहीत. विंगेतून, कडा कशाने ठोकल्या होत्या?

विंगेतून
चुकांनी, म्हणजे चपलेच्या बारीक खिळ्यांनी. चपलावाल्या काकांकडून मूठभर आणल्या होत्या. साच्याखाली प्लायवूड आहे, त्यात ठोकल्या.

प्रयोगवही
लोखंडी ना? झालं तर मग. पुढच्या वेळी पितळी घे. डाग ताजे असतील तर लिंबाचा रस लावून बघ, फिके होतील.

रापी-आरी
मग नाक का पडतंय ते सांगा. डागांवरून नाटक थांबलेलं नाही.

पडदा_वर
कारण साचा! इटलीतल्या पादुआच्या आमलेतो सार्तोरी या मुखवटाकाराने विसाव्या शतकात हे तंत्र नव्याने उभं केलं ते लाकडी साच्यावर. ओलं चामडं शिंगाच्या हातोडीने ठोकत जायचं, म्हणजे ते दाट होतं, सुरकुत्या जिरतात, नाकाची धार पक्की बसते. प्लास्टरवर ठोकलंस तर साचाच फुटेल. आणि गंमत म्हणजे 1947 साली मिलानमध्ये दिग्दर्शक स्ट्रेलरने अर्लेकिनोचं नाटक बसवलं, तेव्हा अर्लेकिनो करणाऱ्या मार्चेल्लो मोरेत्तीने सुरुवातीला मुखवटा चेहऱ्यावर रंगवूनच काम केलं होतं.

बोलघेवडा
बघा! चेहरा रंगवा, मोकळे व्हा.

विंगेतून
चेहरा रंगवायचा असता तर इतके दिवस हात कशाला सडवून घेतले असते? शिंगाची हातोडी डोंबिवलीत कुठे मिळते ते तरी सांगा.

रापी-आरी
नसली तरी चालेल. स्टीलच्या चमच्याची पाठ किंवा गुळगुळीत लाकडी दांडा घे. भुवईच्या वळणावर, नाकपुडीच्या खाचेत दाबत, घासत राहा. पाणी वर आलं की बोट न लावता थांबायचं आणि थोडं सुकल्यावर पुन्हा. आणि पूर्ण सुकेपर्यंत साच्यावरून काढायचं नाही. सुकवलंस कुठे?

विंगेतून
गॅलरीत. मग पंख्याखाली. नीट सुकलं होतं, चांगलं कडक होतं. आत घासतंय म्हणून खोबरेल लावलं, त्यानंतर मऊ झालं.

प्रयोगवही
खोबरेल??

रापी-आरी
अगं बाई. हे पहिल्या ओळीत सांगायचं.

विंगेतून
त्यात सांगण्यासारखं काय होतं? चामड्याला तेल लावतातच ना? आमची मेकअपवाली ताई म्हणाली.

प्रयोगवही
चपलेला लावतात, ती मऊ व्हावी म्हणून. तुला कडक हवंय. नाकही तेलामुळे पडलं आणि रंगही बहुतेक त्यामुळेच सुटला. अ‍ॅक्रिलिक तेलकट पृष्ठभाग धरत नाही, आतलं तेल झिरपत बाहेर येतं. वॉर्निश मारलंस तर तेही सुटेल.

घरकुल
चामड्याच्या सोफ्यावर पावसाळ्यात बुरशी येते त्यावर उपाय: कोरड्या फडक्याने पुसून कपाटात कापूर ठेवावा. आम्ही नेहमी करतो.

फेविकॉलप्रेमी
आतून पातळ फेविकॉलचे दोन हात दे, दगडासारखं होतं.

रापी-आरी
दिव्यांखाली नटाला घाम फुटला की तोच फेविकॉल नाकाला चिकटतो. आतून-बाहेरून स्पिरिटमध्ये विरघळलेल्या चपडा लाखेचे पातळ हात द्या, फर्निचरवाले पॉलिश करतात तीच. कपाळाशी मऊ कापडाची पट्टी चिकटवा, मग घासणार नाही.

प्रयोगवही
पण आधी तेल काढ. सुटलेला रंग खरवड, स्पिरिटने पुसत राहा, वर मुलतानी मातीचा लेप देऊन रात्रभर ठेव. मग कोमट पाण्यात भिजवून परत साच्यावर. उकळतं पाणी नको, चामडं आकसून वाकडं होईल.
आणि अर्लेकिनोला रंगाचा थरच नको. तो काळाच असतो ना? हिराकस (लोखंडाचा क्षार) आण, पाण्यात अगदी पातळ विरघळव आणि ब्रशने सगळीकडे लाव. तुझे डाग ज्याने पडले तेच मुद्दाम करायचं. पूर्वी हिरडा आणि हिराकसाची शाई करत, तोच प्रकार. हा काळा चामड्यातच मुरतो, त्याचे पापुद्रे निघत नाहीत. जास्त लावू नकोस, चामडं ठिसूळ होतं. सुकलं की ओल्या फडक्याने पूस, मगच लाख.

पडदा_वर
पांतालोने काळा नको हं. तपकिरीच.

विंगेतून
काळाही बघितलाय मी. पण असू दे, त्याला तपकिरी स्पिरिट डाय लावते. हिराकस कुठे मागायचं, हार्डवेअरमध्ये की काष्ठौषधीवाल्याकडे?

रापी-आरी
काष्ठौषधीवाल्याकडे आधी विचार. आणि चाचणी मुखवट्यावर नको, उरलेल्या तुकड्यावर कर.

फेविकॉलप्रेमी
आणि फेविकॉल?

विंगेतून
नाही. तुकडा हिराकसात घातलाय, पाच मिनिटांत काळा. नाक साच्यावर आहे. शनिवारी सकाळपर्यंत सुकलं नाही तर पांतालोनेचे संवाद कापणार आहे.