मदत हवी आहे: आजोबा, रावळपिंडी आणि 'गॅसची खोली'

माझे आजोबा मराठा पलटणीत होते. गाव खटाव तालुक्यातलं. 1986 साली गेले. परवा माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक सापडलं, त्यात 1941 च्या नोंदीत रावळपिंडी आहे. "ह्यांना गॅसच्या खोलीत घातलं हुतं," हे आजीचं वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकलंय. तेव्हा गॅस म्हणजे शेगडीचा, एवढंच कळायचं.

आजोबा बारा महिने खोकायचे. माळकरी माणूस, विडीला कधी शिवले नाहीत. ऊन चढलं की ओट्यावरून उठून आत, कारण डोळ्यांना धार लागायची. काखेतली आणि मांडीच्या आतली कातडी कुठे काळी, कुठे पांढरीफटक. आंघोळ सगळ्यांच्या आधी, अंधारात उरकायचे.

रावळपिंडीत ब्रिटिशांच्या पोर्टन डाउन या रासायनिक शस्त्रांवर संशोधन करणाऱ्या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅसच्या चाचण्या केल्या, अशी बातमी 2007 साली आली होती. ती आत्ता वाचली आणि झोप उडाली. ही लक्षणं त्यातली असू शकतात का? नोंद कुठे मिळेल? आणि आत्याला दमा आहे, "बापाचाच गॅस माझ्यात उतरला" म्हणून ती बसलीय. तिला काय सांगू?

प्रतिसाद: जुना_फौजी
ताई, जरा दमानं. गॅसच्या खोलीत आम्हीही गेलोय. मास्क नीट बसतो का ते बघायला अश्रुधूर सोडतात. डोळे चुरचुरतात, नाक गळतं, बाहेर आलं की अर्ध्या तासात चहा. खोली म्हणजे मस्टर्डच, असं नाही. फोड आले होते का? आणि कधी?

प्रतिसाद: खटावची_नात
आजी सांगायची ते तिच्याच शब्दांत: "हसत भाईर आलं. रातच्याला आग आग, आन् सकाळी काखंत, जांघंत लिंबाएवढं फोड. म्हैनाभर दवाखान्यात." आणि खोलीत हाफचड्डी-सदऱ्यावर गेले होते म्हणे.

प्रतिसाद: निवृत्त_वैद्य
मग अश्रुधूर नव्हे. उशिरा होणारा त्रास ही मस्टर्डची खूण. नाव गॅस असलं तरी मूळ पदार्थ तेलकट द्रव, मोहरीशी संबंध फक्त वासापुरता. लागतो तेव्हा दुखत नाही, दोन ते चोवीस तासांनी डोळे, कातडी, श्वासनलिका पेटतात. घामट ओली जागा आधी धरतो, म्हणून काख आणि जांघ. उतारा आजही नाही. लगेच धुणं, मग लक्षणांवर उपचार.

जुनाट खोकला, बारीक श्वासनलिका आखडणं, कातडीचे काळे-पांढरे चट्टे हे सगळं नंतर राहू शकतं. डोळ्याच्या बुबुळाची जखम तर वर्षानुवर्षांनी पुन्हा डोकं वर काढते. इराण-इराक युद्धातले इराणी सैनिक हेच भोगताहेत. कागद न बघता निदान करणार नाही, पण जुळतंय खरं.

आत्याबाईंना सांगा, भाजलेल्या श्वासनलिका वारशाने मिळत नाहीत. दमा घरात असू शकतो, पण तो रावळपिंडीचा नव्हे. त्यांना एकदा फुंकायची तपासणी करायला लावा, आणि पंप मध्येच बंद करू देऊ नका.

प्रतिसाद: दफ्तरी
त्या चाचण्या 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपासून दहाहून अधिक वर्षं चालल्या. हिंदी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा जास्त भाजते का, हेही त्यांना बघायचं होतं! पोर्टनचे जुने अहवाल लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण त्यात नावाची आशा फार धरू नका. आजोबांच्या नावाचा कागद असलाच तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे बेळगावात. नंबर, हुद्दा, गाव, भरतीचं वर्ष लिहून अर्ज करा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा मसुदा दाखवून घ्या. दवाखान्यातल्या भरतीची नोंद मुद्दाम मागा, "गॅस" शब्दावर अडून बसू नका. भरपाईचं म्हणाल तर 2008 साली ब्रिटनने पोर्टनमध्ये चाचण्या झालेल्या 360 माजी सैनिकांना मिळून 30 लाख पौंड दिले, तेही चूक कबूल न करता.

प्रतिसाद: खटावची_नात
भरपाई नकोच, कागद मिळाला तरी पुरे. आत्याला वैद्यकाकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग एवढी वर्षं मी उगाच त्यांच्या नावानं..." आणि पुढे बोललीच नाही. अर्ज लिहायला घेतलाय. डिस्चार्ज बुकावर वाळवीने नंबराचा शेवटचा आकडा खाल्लाय, 3 की 8 कळत नाही. दोन्ही लिहून पाठवले तर चालेल ना?