पॉइनसेटियातला 'पान' कुठला?

परवा नर्सरीवाल्याने 'पानशेटिया घ्या' म्हणत लाल पानांची कुंडी हातात ठेवली. पानं लाल, म्हणून 'पान' असं मी धरून चाललो. खरी व्युत्पत्ती काय?

— पानाशी काही संबंध नाही. पण नर्सरीवाल्याची चूकही गंमतशीर बरोबर आहे. लाल दिसतं ते फूल नव्हेच; ती छदं, म्हणजे फुलाखालची पानं. खरी फुलं मधोमध, पिवळट, बारकी. पान तोडून बघा, पांढरा चीक येईल. झाड शेराच्या कुळातलं.

नाव आलं जोएल रॉबर्ट्स पॉइनसेट (१७७९–१८५१) यांच्यावरून. गाव चार्ल्स्टन, दक्षिण कॅरोलिना. १८२५ ते १८२९ हे मेक्सिकोत अमेरिकेचे पहिले वकील होते. वकील पेशवाईतल्या अर्थाने, कोर्टातले नव्हेत. झाडांचं भारी वेड. तिथून हे झुडूप त्यांनी घरी धाडलं. मेक्सिकोत त्याला आधीपासून नाव होतंच: नाहुआत्ल भाषेत क्वेत्लाशोचित्ल (शोचित्ल म्हणजे फूल), स्पॅनिशमध्ये नोचेबुएना, नाताळची आदली रात्र.

मेक्सिकोने मात्र त्यांच्या नावाचा वेगळाच शब्द केला, पॉइनसेटिस्मो. हे गृहस्थ तिथल्या पक्षांच्या भांडणात एका बाजूने उतरले, वर टेक्सास विकत मागू लागले. शेवटी मेक्सिकोनेच 'यांना परत बोलवा' म्हणून सांगितलं. पुढे ते १८३७ ते १८४१ अमेरिकेचे युद्धमंत्री होते. चेरोकींना त्यांच्या भूमीवरून हुसकावलं गेलं ते याच काळात. फुलाच्या गोड गोष्टीत हे सहसा येत नाही.

— मग पॉइनसेटिस्मोला मराठीत 'लुडबुड' चालेल?

— मला हलका वाटतो. लुडबुड स्वयंपाकघरात पोरं करतात. परक्याच्या राज्यकारभारात होते ती ढवळाढवळ. तरी माणसाच्या नावाचा डंख त्यात नाही. 'तुघलकी' म्हटल्यावर जो बसतो, तसा हवा.

— ढवळाढवळ पटलं. जाता जाता: माझी कुंडी गेल्या वर्षीची, यंदा हिरवीच राहिली.

— गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा आहे का? लाल व्हायला त्याला लांब, सलग काळोख लागतो. दिवाळीच्या आधीपासून रोज संध्याकाळी खोक्याखाली झाका, सकाळी उघडा. इथे 'लुडबुड' चपखल बसतो, दिव्याची.