अनुभव धागा: कॉलनीच्या मोकळ्या जागेत कोकणचं रान परत आणताना

आमची कॉलनी रत्नागिरी शहराला लागून, नाचण्याच्या बाजूला. पूर्वी इथे करवंदीची जाळी होती. मग प्लॉट पडले, चिऱ्याची घरं झाली, गडगे (दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती) गेले आणि कंपाऊंडं आली. ले-आउटमध्ये सोडलेला नऊ गुंठ्यांचा तुकडा तेवढा मोकळा राहिला. त्यावर दर पावसाळ्यात वृक्षारोपण व्हायचं. गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, जे फुकट मिळेल ते. फोटो व्हायचे आणि पुढच्या एप्रिलमध्ये नुसते खड्डे दिसायचे.

सहा वर्षांपूर्वी आम्ही आठ घरांनी मिळून सभेत सांगितलं की दोन वर्षं इथे काहीच लावायचं नाही. फक्त तीन गोष्टी थांबवायच्या: कोयती, काडी आणि मोकाट गुरं. गडगा पुन्हा रचला, मार्चमध्ये कडेने चार हात रुंद पट्टा साफ केला म्हणजे बाजूचा वणवा आत येणार नाही, आणि वाट बघत बसलो. शेजाऱ्यांना वाटलं, आम्ही जागा टाकून दिली.

पहिल्याच पावसात मेलेत असं समजलेले खुंट फुटले. ऐन, किंजळ, कुंभा. वर्षानुवर्षं कोयतीखाली राहूनही खालची मुळं जिवंत होती. बुलबुलांनी करवंद, तोरण आणि अटक आणून टाकली. अंजनीचं एक रोप गडग्याच्या सांदीत आलं. ही नावं आम्हाला ठाऊक नव्हती, ती सांगितली संगमेश्वरकडून इथे मुलाकडे राहायला आलेल्या एका आजींनी. त्या रोज संध्याकाळी काठी टेकत यायच्या आणि पान चुरगळून वास घ्यायच्या. दुसऱ्या वर्षीच्या शेवटी वहीत एकतीस नावं झाली, एकही रोप विकत न आणता.

कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इथे झाडं लावण्यापेक्षा मारणं थांबवणं जास्त महत्त्वाचं आहे, असं माझं पक्कं मत झालं आहे. पण हा एका कॉलनीचा अनुभव. तुमच्याकडे काय जगलं, काय मेलं, लोक कशावरून भांडले, ते लिहा. झाडांची नावं तुमच्या गावात म्हणतात तशीच लिहा.

अलिबागजवळून

आमची बंगल्यांची सोसायटी समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. सगळीकडे लॉन आणि बाहेरून आणलेले पाम. जून ते सप्टेंबर पावसाने गुडघाभर पाणी, आणि मे महिन्यात त्याच लॉनसाठी टँकर. याची लाज वाटायची, पण बदलायचं धाडस होत नव्हतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. सोसायटीतली सुरूच्या झाडांची अख्खी रांग आडवी झाली, गुलमोहर मुळासकट उपटले. मागच्या जुन्या वाडीतली नारळ-पोफळी मोडली तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्या सगळ्या पसाऱ्यात विहिरीजवळची उंडी आणि कुंपणावरची भेंड उभी होती. पानं झडलेली, फांद्या तुटलेल्या, पण उभी.

नंतर सभेत मी सांगितलं की पुन्हा लावायचंच असेल तर समुद्राचं वारं ज्यांना माहीत आहे तीच झाडं लावू. उंडी, करंज, भेंड, कडेला केवडा. उंडीच्या बिया वटवाघळं फळ खाऊन झाडाखाली टाकतात, त्या मुलांनी गोळा केल्या. कवच टणक असतं. आम्ही अर्ध्या बिया हलकेच फोडून लावल्या आणि अर्ध्या तशाच. फोडलेल्या कितीतरी आधी रुजल्या. वाळूकडच्या बाजूला मर्यादवेल होती, ती आधी माळी 'घाण' म्हणून खणून टाकत. आता ती तशीच पसरू देतो, वाऱ्याने उडणारी वाळू तीच धरते.

लॉन पूर्ण गेलेलं नाही. चार घरांनी ठेवलं आहे आणि त्यावरून अजून मनं दुखावलेली आहेत. माझी एक जवळची मैत्रीण त्या चारांत आहे, त्यामुळे हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही.

वेंगुर्ल्याहून

माका मालवणीतच लिवक येता, तसाच लिवतंय. भावान बंगलो बांधलो तेवा परसातला सुरंगीचा झाड तोडूचा ठरला हुता. आवस आडवी पडली. तेच्या कळ्यांच्या पैशार तुमची शाळा झाली, म्हणाली. फाटफटी उठान कळे काडूचे लागतत, फूल उमलला की गजऱ्याक उपेगाचा नाय. झाड रवला. तेच्याच बियांची अकरा रोपा मी वाडीत वाटलंय. बी रुजाक लय दिस घेता, कंटाळान पिशवी ओतू नकात.

दापोलीहून

रोपं करायची आवड आहे म्हणून बियांबद्दल लिहितो. पहिली तीन वर्षं माझी एकच चूक होत होती. रातांब्याच्या (कोकमाच्या), जांभळाच्या, फणसाच्या बिया उन्हात वाळवून डब्यात भरायचो, भाज्यांच्या बियांसारख्या. एक उगवेल तर शपथ. या बिया वाळल्या की मरतात. फळ खाल्लं की धुऊन त्याच आठवड्यात मातीत गेल्या पाहिजेत. निसर्गाने त्यांना मे-जूनमध्ये पिकवलं आहे ते उगाच नाही, खाली पडताच मृगाचा पाऊस लागतो.

दुसरी गोष्ट रातांब्याची. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी, आणि बियांपासून केलेल्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात. ते फुलोरा आल्यावरच कळतं, म्हणजे कित्येक वर्षांनी. म्हणून बागायतदार मादी झाडाची कलमं लावतात. इथल्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती त्यासाठीच आहेत. पण कॉलनीच्या रानात सगळीच कलमं लावू नका. नर झाड नसेल तर मादीला परागकण कुठून मिळणार? आमच्या गल्लीत एका भाऊंनी नर निघाला म्हणून आठ वर्षांचं झाड तोडलं. त्यांना आधी सांगायला मी कमी पडलो, हे मला अजून लागतं.

रोपवाटिकेतून रोपं घेताना देशी म्हणून काहीही देतात, हाही अनुभव आहे. मला एकीकडून 'रानजाई' म्हणून भलतीच शोभेची वेल मिळाली, ती काढता काढता दोन पावसाळे गेले. ओळखीच्या झाडाखालची बी हाच भरवशाचा रस्ता.

रत्नागिरी, कुवारबावहून

मला एक प्रश्न विचारायचा आहे आणि तो टाळू नका. माझी मुलगी चार वर्षांची आहे. आमच्या सोसायटीत असंच गवत वाढू दिलं आणि ऑगस्टमध्ये जिन्याखाली फुरसं निघालं. त्या दिवशी सर्पमित्राने येऊन नेलं, पण त्यानंतर मी सभेत सगळं साफ करा म्हणून मत दिलं. मला रान आवडतं. मूल जास्त आवडतं.

नाचण्याहून (धागा सुरू करणारा)

ताई, तुमची भीती खरी आहे. रत्नागिरीच्या कातळात फुरसं पहिल्यापासून आहे. हातभर लांबीचं, दगडाखाली बसतं, आणि तेवढ्या लहान जिवाचा दंश माणूस दगावेल इतका जहाल.

आम्हीही पहिल्या वर्षी एक चूक केली होती. उरलेल्या चिऱ्यांची रास इमारतीच्या भिंतीला टेकून ठेवली होती. ती उचलून प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला नेली. घरांपासून पंधरा फूट जागा कायम कापलेली ठेवतो, पायवाट रुंद आणि मोकळी, रात्री विजेरी आणि बूट. कचरापेटी झाकलेली असली की उंदीर कमी, आणि उंदीर कमी तर घोणसही कमी. जिल्हा रुग्णालयाचा नंबर दोन्ही जिन्यांत रंगवला आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून नेण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात एक मिनिटही घालवायचं नाही, हे मुलांनासुद्धा पाठ आहे. एवढं करूनही कोणी नको म्हणालं तर मी वाद घालत नाही.

सावंतवाडीहून

आम्ही शाळेमागच्या पट्ट्यात फुलपाखरांसाठी बाग केली. सुरुवातीला नुसती फुलं लावली, फुलपाखरं यायची आणि जायची. मग कळलं की फूल हे त्यांचं हॉटेल, घर म्हणजे अळीचं झाड. कढीपत्ता आणि लिंबू लावल्यावर मॉरमॉनच्या अळ्या आल्या, आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन त्यातलंच. रुईवर पट्टेदार अळ्या आल्या. आंब्यावरचं बांडगूळ आम्ही काढून टाकायचो, त्यावर जेझबेल वाढतं म्हणून एका झाडावरचं मुद्दाम ठेवलं.

सर्वांत मोठी चूक ईश्वरीच्या वेलीची. सदर्न बर्डविंग तिच्यावर वाढतं म्हणून हौसेने वेल आणली, पण मिळाली ती तिच्याच कुळातली मोठ्या फुलांची परदेशी शोभेची वेल. मादीने अंडी घातली. मुलं रोज बघायला धावायची. अळ्या बाहेर आल्या आणि दोन दिवसांत सगळ्या मेल्या. मुलं रडली, मीसुद्धा. ती वेल उपटली, रानातल्या ईश्वरीची बी आणून पुन्हा लावली. तिसऱ्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत पहिलं काळं-पिवळं बर्डविंग कोशातून निघालं तेव्हा सहावीतली दोन मुलं सुट्टीतही हजर होती.

चिपळूणहून

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या इमारतीचा पहिला मजला बुडाला. चिखल काढून झाल्यावर नदीकडच्या बाजूला काँक्रीटची भिंत घालू असं ठरत होतं. आम्ही थोडी जागा मागून घेतली. करंज, उंबर, वाळुंज, आणि काठावर माणगा बांबूची बेटं. पुन्हा तसा पूर आला तर ही झाडं तो अडवणार नाहीत, असा खोटा दिलासा मी कोणाला देत नाही. माती मात्र धरून ठेवतात, गेल्या पावसाळ्यात शेजारचा मोकळा काठ खचला आणि आमचा राहिला. बाकी लिहिण्यासारखं फार नाही.

राजापूरहून

सगळ्यांचं वाचलं. आता माझं थोडं कडक लिहिणं सहन करा.

आमच्या गावाशेजारी नव्या वसाहतीने 'उजाड सडा हिरवा करू' म्हणून जेसीबीने कातळ फोडला, बाहेरून माती ओतली आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. सडा, म्हणजे कातळाचं पठार, उजाड नसतो. एप्रिलमध्ये बघाल तर काळा दगड दिसेल, जूनमध्ये या. पहिल्या पावसानंतर दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात, ती कोकणापलीकडे फारशी कुठे सापडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी साचलेल्या जागी सीतेची आसवं जांभळी होतात, मधेमधे गेंदाचे पांढरे गोंडे. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती. बोटभर मातीत पोषण नाही म्हणून ती पाण्यातले बारीक जीव पकडून जगते. तिच्यावर मातीचा ढीग आणि झाडाची सावली पडली की संपली. याच सड्यांवर आपली कातळशिल्पं आहेत, ज्यांचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं.

तेव्हा जागा बघून ठरवा. दरीच्या कडेला, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी झाडं. सड्यावर हात लावू नका. आमच्याकडे आता एक एकर तुकडा फक्त दगडांची ओळ मांडून राखला आहे, गाड्या आत जाऊ नयेत म्हणून. त्याला खर्च आला शून्य आणि समजावायला लागली चार वर्षं.

कुडाळजवळून

बिया कुठून आणायच्या याबद्दल. आमच्या गावच्या देवरहाटीत, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानात, अजून मोठे वृक्ष आहेत, पण तिथून सुकी काटकीही आणायची नाही असा नियम. आम्ही गावकरांना आणि मानकऱ्यांना जाऊन विचारलं. त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला आणि सांगितलं की रहाटीच्या हद्दीबाहेर, रस्त्यावर पडलेलं तेवढंच उचला. तेवढंच उचललं. सातवीण, बकुळ, भेडस. आता ती झाडं आमच्या हायवेजवळच्या कॉलनीत आहेत आणि जत्रेला गेलो की पुजारी त्यांची चौकशी करतात.

रानमोडी या तणाबद्दल कोणी लिहिलं नाही. मोकळी जागा सोडली की आधी तीच येते. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये, माती भिजलेली असताना, मुळासकट उपटतो. दिवाळीनंतर ती फुलते, त्याआधी गेली पाहिजे, नाहीतर कापसासारखं बी वाऱ्यावर. घाणेरीचंही तसंच, पण तिथे हातमोजे हवेत. नुसती कापलीत तर दुप्पट फुटते.

नाचण्याहून, पुन्हा

राजापूरच्या दादांचं बरोबर आहे. आमच्या प्लॉटच्या वरच्या कोपऱ्यात दोन खोल्यांएवढा कातळ आहे आणि तिथे मी बकुळ लावण्यासाठी खड्डा मारायला निघालो होतो. आता राहू दे.

एक लिहायचं राहिलं होतं. पालापाचोळा जाळणं आम्ही बंद केलं आणि तो झाडांच्या बुंध्याशी पसरू लागलो. तिसऱ्या वर्षी एका काकांनी मधल्या खांबावरचा फ्लडलाइट मे महिन्याच्या मध्यापासून बंद ठेवायला सर्वांना राजी केलं. मृगाच्या आधीच्या एका रात्री कुंभ्यावर काजवे दिसले. पाच-सहाच होते. काजव्याची अळी ओल्या पाचोळ्यात राहते आणि गोगलगायी खाते, हे नंतर वाचलं. त्या रात्री आजींना खुर्चीसकट खाली आणलं होतं. यंदा आजी नाहीत. वहीत पुढची नावं त्यांची सून लिहिते, आणि संख्या अठ्ठेचाळीस झाली आहे.

दापोलीहून

माझ्याकडे बकुळीची तीस आणि रातांब्याची चाळीस रोपं पिशव्यांत तयार आहेत. रातांब्यातली नर कोणती आणि मादी कोणती ते मलाही माहीत नाही. मृग लागल्यावर ज्यांना जमेल त्यांनी न्यावीत, पैसे नकोत. येताना रिकाम्या पिशव्या आणा, आणि कोणाच्या दारात अंजनी असेल तर थोडी पिकलेली फळं.