जबड्याच्या ऑपरेशननंतर डावीकडच्या दाढा टेकत नाहीत. थांबावं की लगेच दाखवावं?

राजारामपुरीकर

धाकट्या भावाचं (वय २२) दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन पुण्यात झालंय, तिसरा आठवडा संपत आलाय. खालचा जबडा पुढे होता, पुढचे दात उलटे बसायचे. वरचा जबडा पुढे घेतला (लेफोर्ट-१), खालचा मागे (बीएसएसओ), टायटॅनियमच्या प्लेटा आहेत. प्लास्टिकची स्प्लिंट (दात ठरलेल्या जागी बसवायची पट्टी) गेल्या आठवड्यात काढली. तेव्हापासून दोन्ही बाजूंना वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत रबरं आहेत, ३/१६ इंच, ४.५ औंस. खाताना आणि ब्रश करताना काढायची, बाकी पूर्ण वेळ घालायची.

अडचण अशी की उजवीकडे दात बसतात, डावीकडे साधारण २ मिमी फट राहते. खालच्या पटाशीच्या दातांची मधली रेषा वरच्या रेषेपेक्षा १ मिमी उजवीकडे दिसते. दुखत नाही, ताप नाही. खालचा ओठ आणि हनुवटी अजून बधिर आहे. तो दिवसभर दात टेकवून बघत बसतो आणि दर वेळी म्हणतो, आज वेगळंच बसतंय. पुण्याची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. तोवर थांबावं का? आणि फरक पडतोय की नाही हे घरी कसं ओळखायचं?

ऑर्थो_मिरज

दादा, आधी एक सांगा. डावीकडे नेमके कुठले दात सुटलेत? फक्त मधल्या उपदाढा, की शेवटच्या दाढेपर्यंत सगळी बाजू? सगळं उत्तर त्यावर आहे.

फक्त उपदाढांपाशी फट असेल आणि शेवटची दाढ व पुढचे दात टेकत असतील, तर ती फट बहुधा ठरवून ठेवलेली असते. खालच्या दातांची रांग बाजूने बघितली तर मध्ये होडीसारखी खोल असते. ऑपरेशनआधी ती सपाट केली नसेल तर सर्जन जबडा तीन ठिकाणी टेकवतात, पुढे एक आणि मागे दोन. मधली फट नंतर हलकी तार आणि उभी रबरं लावून मिटवतात. ऑपरेशननंतर तारांचं काम साधारण ६ ते १२ महिने चालतं, ते बरंचसं यासाठीच.

शेवटच्या दाढेसकट सगळी बाजू सुटली असेल तर दोन शक्यता. पहिली म्हणजे सांध्यातली सूज. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की सरकताना लागतो तो कंडाइल, खालच्या जबड्याचं सांध्यातलं टोक. ऑपरेशनमध्ये सांध्याला ताण बसून आत सूज किंवा रक्त साचलं, की कंडाइल खोबणीतून किंचित खाली ढकलला जातो. त्या बाजूचा जबडा खाली येतो, दाढा सुटतात आणि मधली रेषा विरुद्ध बाजूला जाते. तुम्ही लिहिलंय ते, फट डावीकडे आणि रेषा उजवीकडे, याच्याशी जुळतं. सूज उतरेल तशी फट कमी होते.

दुसरी शक्यता गंभीर, कंडाइल सॅग. टेबलावर पेशंट भुलीत असतो, स्नायू सैल असतात. प्लेट बसवताना कंडाइल खोबणीत पुरता बसलेला नसेल, तरी दात बांधलेले असेपर्यंत सगळं सरळच दिसतं. बांधलेलं सोडलं, स्नायूंनी ओढलं, की कंडाइल आपल्या जागी जातो आणि खालचा जबडा मागे सरकतो. एका बाजूला झालं तर मधली रेषा त्याच बाजूला जाते. दोन्हीकडे झालं तर पुढचे दात उघडे पडतात. इथे वेळ फार महत्त्वाची. लवकर कळलं तर सर्जन प्लेट काढून पुन्हा बसवू शकतात. रबरांच्या जोरावर महिनोन् महिने झाकत राहिलं तर दात सरकतात आणि हाडाची चूक तशीच राहते.

आता घरी कसं बघायचं. "आज वेगळं वाटतंय" यावर अजिबात जाऊ नका. नसा बधिर, स्नायू सुजलेले, चावायची जुनी सवय जुन्या जबड्याची. मेंदूला दात कुठे टेकतात हे कळायलाच वेळ लागतो. म्हणून फोटो काढा. आठवड्यातून दोनदा, सकाळी, खिडकीजवळच्या त्याच जागी. रबरं काढून पाच मिनिटं थांबा. पाठ सरळ, डोकं टेकवायचं नाही. जिभेचं टोक टाळूच्या मागच्या बाजूला लावायचं आणि सावकाश मिटत यायचं. पहिला दात टेकला की थांबायचं, दाबायचं नाही. तिथे एक फोटो समोरून, एक उजवा, एक डावा. मग सगळे दात मिटून तेच तीन. गाल ओढायचं प्लास्टिक दातांच्या डॉक्टरांकडे मिळतं, नाहीतर दोन चमच्यांच्या दांड्यांनी गाल हलके बाजूला धरा. पहिल्या स्पर्शाचा फोटो आणि मिटलेल्या दातांचा फोटो यांत जबडा बाजूला घसरत असेल, तर तो फरक डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. पुष्कळदा खरी गोष्ट तिथेच असते.

दिवसभर दात टेकवून बघणं मात्र बंद करा. त्याने स्नायू दुखतात आणि जबडा सोयीच्या जागी बसायला शिकतो.

ओटी_सिस्टर

वरती सांध्याचं सगळं आलंय, मी फक्त कधी थांबायचं नाही ते लिहिते. यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनना फोन:

कट्ट असा आवाज येऊन किंवा कुणाचा धक्का लागून दात एकदम वेगळे बसले. दात मिटताना वरचा जबडा हिरड्यासकट हलतो. उतरलेली सूज पुन्हा वाढायला लागली, एकाच जागी गरम लागते, पू किंवा घाण चव येते. तोंड उघडणं आदल्या दिवसापेक्षा कमी झालं. बधिरपणा उतरत असताना परत वाढला. प्लेट ढिली झाली किंवा स्क्रू सुटला तर बऱ्याचदा आधी बाईट (दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) बदलतो आणि दुखणं नंतर येतं, म्हणून "दुखत नाही" हे कारण धरून बसू नका.

ओठ-हनुवटीचा बधिरपणा तिसऱ्या आठवड्यात असणं नेहमीचं आहे. खालच्या जबड्याच्या कापातून ती नस जाते, तिला सुधारायला महिने लागतात. पण बधिर ओठ म्हणजे गरम सूप ओठावर भाजलं तरी कळत नाही. आधी मनगटावर थेंब टाकून बघायचा.

तोंड स्वच्छ ठेवा. क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) ०.२ टक्के, १० मिली, दिवसातून दोनदा, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंतच. जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात. ब्रश केल्यावर लगेच ते घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमुळे त्याचा परिणाम कमी होतो. मधल्या वेळेला पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. ब्रश लहान मुलांचा, मऊ. रबर अडकवायच्या हुकाच्या मागे रस्सा आणि दूध साचतं, रबर त्यावरच घातलं की हिरडी सुजते.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे आभार. बघून सांगतो: डावीकडे शेवटची दाढसुद्धा टेकत नाही. पुढचे दात दोन्ही बाजूंना टेकतात. स्प्लिंट काढलेल्या दिवशीचा फोटो मोबाईलमध्ये मिळाला, त्यात फट आत्तापेक्षा जास्त दिसते. अजून एक, रात्रभर रबरं घालून सकाळी फट कमी असते, जेवण करून उठला की वाढते. याचा अर्थ काय?

ऑर्थो_मिरज

फट कमी होत चालली आहे, पुढचे दात टेकून आहेत, रेषा विरुद्ध बाजूला आहे. तिन्ही गोष्टी सूज उतरण्याच्या बाजूने बोलतात. फोटोवरून यापुढे जाऊन सांगणं बरोबर नाही, तरी आजच तिन्ही फोटो जुन्या फोटोसोबत पुण्याला पाठवा. सांगताना "बाईट बिघडलाय" असं नको. "डावी बाजू शेवटच्या दाढेपर्यंत २ मिमी उघडी, खालची रेषा १ मिमी उजवीकडे, स्प्लिंट काढल्यापासून कमी होतेय" असं सांगा. आणि विचारा, कंडाइलची जागा बघायला ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) किंवा सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) हवा का? हवा म्हणाले तर कोल्हापुरातच काढून फाईल पाठवता येते.

सकाळी आणि जेवणानंतर दिसणारा फरक रबरांचा आहे, जेवताना ती काढलेली असतात. लॅटेक्सच्या रबराचा जोर पहिल्या काही तासांतच बराच उतरतो, म्हणून एकच रबर दोन दिवस ओढत बसणं निरर्थक. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर रोज नवीन, आणि दोन्ही बाजूंची एकदमच बदलायची. एकीकडे ताजं, एकीकडे जुनं असं झालं तर मधली रेषाच ओढली जाते. जेवण सव्वा तास चालत असेल तर तेवढा वेळ रोज तीनदा जातोय, हेही बघा.

दिशा तपासा. खालचा जबडा पुढे असलेल्या पेशंटमध्ये तो परत पुढे यायची ओढ असते, वरची दाढ ते खालचा सुळा हे रबर तिला अडवतं. घाईत उलटं लागलं, म्हणजे वरचा सुळा ते खालची दाढ, तर तेच रबर जबडा पुढे खेचतं. आरशात बघून घालताना हे होतं. मोबाईलवर योग्य लावलेल्याचा एक फोटो ठेवा.

शाहूपुरी_फिजिओ

व्यायाम सर्जननी हो म्हटल्यावरच. परवानगी असेल तर गालावर दहा मिनिटं गरम फडकं, मग दुखेपर्यंत नाही तर ताण जाणवेपर्यंत तोंड उघडून पाच सेकंद धरायचं, पाच वेळा, दिवसातून तीन-चारदा. आरशावर उभी चिकटपट्टी लावा आणि खालची मधली रेषा तिच्यावरून जाऊ द्या. सुजलेल्या सांध्याकडे जबडा वळत असेल तर कमी उघडा, पण सरळ उघडा. मोजायला आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून समोरच्या दातांत, किती बसल्या ते लिहून ठेवायचं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत स्वतःची तीन बोटं उभी मावायला हवीत, म्हणजे साधारण ४० मिमी. बोटांनी जबडा जबरदस्तीने खाली ओढणं आत्ता अजिबात नको.

गंगावेस_आहार

खाण्याचं कुणी लिहिलं नाही. सहा आठवडे चावायचं काही नाही. हाड भरायला प्रथिनं लागतात, ६० किलो वजनाला रोज ७५ ते ९० ग्रॅमच्या आसपास धरा. २५० मिली दूध म्हणजे साधारण ८ ग्रॅम, एक अंडं ६. नुसत्या सूप आणि फळांच्या रसावर हे भागत नाही, आणि वजन उतरायला लागलं की भरणंही मंदावतं.

आपल्याकडे सोय चांगली आहे. पांढरा रस्सा चालतो, पण खडा मसाला काढून आणि मलमलच्या फडक्यातून गाळून. खसखस, तीळ, काजूचा रवाळपणा सरळ हुकात जाऊन बसतो. तांबडा नको, तिखट जखमेला झोंबतं आणि बधिर ओठाला कळतही नाही. त्यापेक्षा मटणाचं आळणी (बिनतिखट रस्सा) बरं, त्यात शिजलेलं मटण मिक्सरला अगदी बारीक करून घाला. नाचणीची आंबील, ताकातला मऊ भात फिरवून, पातळ पिठलं. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध या दिवसांत नको, उकळूनच. स्ट्रॉने ओढायचं नाही, तोंडात जखमा आहेत. नळी लावलेल्या बाटलीने गालात सोडा.

ओटी_सिस्टर

पुण्याला जाताना रबरं घालूनच न्या, पण सोबत असणाऱ्याच्या खिशात लहान बोथट टोकाची कात्री असू दे. खंबाटकी घाटात मळमळलं तर रबरं बोटाने शोधत बसायचं नाही, दोन्ही बाजूंची कापायची आणि तोंड खाली करायचं. ती कुठे कापायची हे निघायच्या आधी घरी एकदा दाखवून ठेवा.

ऑर्थो_मिरज

आणि रबरं संपत आली असतील तर पाकीट घेऊनच जा. इंच आणि औंस दोन्ही जुळायला हवेत. ३/१६ ऐवजी १/४ घेतलं तर औंस तेच असूनही तेवढ्याच अंतरात जोर कमी पडतो, कारण छापलेला जोर रबर तिप्पट ताणल्यावरचा असतो. ३/१६ साठी ते साधारण १४ मिमी, १/४ साठी १९. मिळालं नाही म्हणून दोन रबरं एकावर एक घालू नका, कोल्हापूरच्या ऑर्थोडॉन्टिस्टना (दातांच्या तारांचे डॉक्टर) फोन करा.