मुलाखतीसह भरती: सहावीचा पाठ घ्यायचा आहे, तयारी कशी करू?

अबोली_लातूर

नमस्कार मंडळी. पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, 'मुलाखतीसह' या प्रकारातून माझं नाव बीड जिल्ह्यातल्या एका खाजगी अनुदानित शाळेसाठी लागलंय. सहावी ते आठवी, गणित-विज्ञान. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे आणि त्याच दिवशी पाठही घ्यायचा आहे. घटक दिलाय भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज, इयत्ता सहावी, वेळ पंधरा मिनिटं.

बी.एड. झाल्यापासून मी लातूरला एका क्लासमध्ये शिकवते. तिथे फळ्यावर गणितं सोडवून दाखवायची आणि मुलांनी उतरवून घ्यायची, एवढंच. टेटसाठी, म्हणजे शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीसाठी, 120 मिनिटांत 200 प्रश्न सोडवायचा सराव केला, पण इथे तो कामाला येईलसं वाटत नाही. पीपीटी करून नेऊ का? की तक्ते? समोर मुलं असतील की नुसती समिती, हेही कळवलेलं नाही. ज्यांनी अशी मुलाखत दिली किंवा घेतली आहे त्यांनी कृपया सांगा.

निवृत्त_मोठ्याबाई

अबोली, मी बीड जिल्ह्यातच मुख्याध्यापिका होते आणि निवड समितीवर बऱ्याचदा बसले आहे. सविस्तर लिहिते, कारण विषय उत्तम येणारी मुलंमुली या पंधरा मिनिटांत मागे पडताना मी पाहिली आहेत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आधी शाळेत फोन लाव. "सर, पाठाला मुलं असतील का?" असं सरळ विचार. यात काही कमीपणा नाही. पीपीटी नको. ऐन वेळी लाइट गेली तर तू अडकशील, आणि लाइट असली तरी मुलं तुझ्याकडे न बघता पडद्याकडे बघतील.

आता पाठ. बहुतेक उमेदवार 1/2 + 1/3 लिहितात, लसावि 6 काढतात, 3/6 + 2/6 = 5/6 करतात आणि विचारतात, "समजलं का?" मुलं एका सुरात हो म्हणतात. समितीतल्या विषयतज्ज्ञाला यातून एवढंच कळतं, की उमेदवाराला बेरीज येते. ती येते हे बी.एड.च्या गुणपत्रिकेवरून आम्हाला आधीच माहीत असतं.

तू गणित लिही आणि थांब. मुलांना वहीत सोडवू दे आणि तू बाकांमधून फीर. कुणीतरी 2/5 आणणारच, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून. त्या मुलाला ते उत्तर फळ्यावर लिहायला लाव. पुसू नकोस, "चूक" असंही म्हणू नकोस. मग चौकटीच्या वहीतून कापून नेलेली 12 चौकटींची पट्टी प्रत्येकाच्या हातात दे. निम्मी पट्टी एका रंगाने रंगवा, 6 चौकटी झाल्या. पट्टीचा तिसरा हिस्सा दुसऱ्या रंगाने, 4 झाल्या. 12 पैकी 10 रंगल्या. आता फळ्यावरच्या 2/5 कडे बोट दाखव आणि विचार, "हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?" आणि गप्प राहा. अर्ध्यात आणखी भर घातली तर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं, हे एखाद्या पोराच्याच तोंडून बाहेर पडतं. त्यानंतर लसाविला अर्थ येतो. 10/12 चे 5/6 करेपर्यंत वेळ संपली तर संपू दे. घटक अर्धा राहिला म्हणून मी कुणाचे गुण कापलेले नाहीत. पोराचं उत्तर न ऐकता पुढे गेलेल्यांचे मात्र कापले आहेत.

मुलं नसतील तर पट्ट्या समितीच्या हातात दे आणि त्यांनाच खरेखुरे प्रश्न विचार. 2/5 तूच फळ्यावर लिही, "मागच्या वर्गात एकाने असं सोडवलं होतं" म्हणून.

आमच्या भागात तोंडी मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलेली मुलं हंगाम संपल्यावर परत आली की काय करणार? "जादा तास घेईन" हे सगळेच सांगतात. तू पुढचं बोल. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृह असतं, ते या शाळेत चालतं का ते आधी विचारून ठेव. आणि परत आलेलं मूल कोरं नसतं. टनाला काय भाव, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, त्यातली किती फिटली, हा हिशोब तोंडी करणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. तोच वहीवर भागाकार मांडताना अडायचा. मी त्याला उचलीचाच हिशोब कागदावर मांडायला लावला आणि भागाकार तिथूनच सुरू केला. अशा मुलाला तू कुठून सुरुवात करून देशील, हे समितीला ऐकायचं असतं.

परभणीकर_शिक्षणसेवक

बाईंनी पाठाचं सांगितलंच आहे, मी कागदांचं सांगतो. पोर्टलवरच्या स्वप्रमाणपत्राची प्रिंट, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) प्रमाणपत्र, टेटचं गुणपत्रक, अधिवास, आरक्षणातून असाल तर जात प्रमाणपत्र, वैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर. सगळ्यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच. ताई, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला विसरू नका. आमच्या वेळी एका उमेदवार ताईंना नेमका याच कागदासाठी घरी फोन करून भावाला बोलवावं लागलं होतं.

अबोली_लातूर

बाई, तुमचं उत्तर वहीत उतरवून घेतलं. शेजारच्या मुलांवर पाठ करून पाहिला, चारातल्या तिघांनी 2/5 च आणले! सर, राजपत्र काढलेलं आहे, फाईलला लावते.

एक गोष्ट विचारू की नको असं झालंय. काल एका अनोळखी माणसाचा फोन आला. "संस्थेला काहीतरी द्यावं लागेल, त्याशिवाय यादीत नाव राहत नाही" म्हणाला. वडील म्हणतात, शेत गहाण ठेवू.

निवृत्त_मोठ्याबाई

शेताला हात लावू नका, वडिलांना माझं नाव सांगून सांग. तो माणूस संस्थेचा आहे की परस्पर पैसे खाणारा, हेसुद्धा तुला माहीत नाही. फोनची तारीख-वेळ लिहून ठेव, पुन्हा आला तर रेकॉर्ड कर आणि 1064 वर फोन करून कळव, तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार करता येते. शिक्षणसेवकाला, म्हणजे कायम होण्याआधीच्या शिक्षकाला, या जागेवर तीन वर्षं महिना 16,000 मानधन आहे. गहाण सोडवायला त्यातून काय उरणार? आणि पैसे देऊन वर्गात उभी राहिलीस तर त्या लोकांपुढे तुला कधीच मान वर करता यायची नाही. मुलाखतीला जा, चांगला पाठ घे.

अबोली_लातूर

निवड यादीत माझं नाव आलं! तो फोन पुन्हा आला नाही. पाठाला सहावीचा आख्खा वर्ग होता. 2/5 लिहिणारी मुलगी पट्टी रंगवून झाल्यावर स्वतःच उठून फळ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, हे तर कमी झालं की!" विषयतज्ज्ञ सर पुढे वाकून तिची पट्टी बघत होते. आता रुजू होताना काय काय बघू?

निवृत्त_मोठ्याबाई

शाब्बास पोरी! त्या मुलीचं नाव विचारून घेतलंस ना? नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल, दोन्हींची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी हातात घे. पुढे शिक्षणाधिकारी कार्यालयाची तुझ्या नेमणुकीला वैयक्तिक मान्यता आणि मग शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला आयडी, त्याशिवाय मानधन सुरू होत नाही. प्रस्ताव कधी गेला, आवक क्रमांक काय, हे शाळेच्या लिपिकाकडून लिहून घे आणि दर पंधरा दिवसांनी विचारत राहा. याला काही महिने लागू शकतात, तेवढ्या दिवसांच्या खोलीभाड्याची आणि डब्याची सोय आधी करून ठेव. खोली शाळेच्या गावातच घे, संध्याकाळी मुलांच्या घरी जाता येईल.